घडीच्या चाकूची खिटी

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच लागला होता. सकाळचा मिस्सा आटोपून मी देवळाच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी छत्री मिटून पुढे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "फादर, जरा बोलायचं होतं. माझा पोरगा घरात चाकू जमवतोय."

मला वाटले, ऐकण्यात काही चूक झाली. मुलगा माझ्या ओळखीचा. लहानपणी वेदीसेवक होता. आता बोटीवर इंजिनियर आहे. सहा महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. दारूचे नाव नाही, कुणाशी तंटा नाही. "एक नाही, दोन नाही, फादर, अकरा आहेत. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवतो. रात्री काढून पुसत बसतो. तुम्ही सांगा त्याला, फेकून दे म्हणून. तुमचं ऐकेल."

या माउलीचे बालपण मुंबईच्या एका चाळीत गेले. त्या काळी घडीचा चाकू म्हटला की एकच चाकू लोकांच्या डोळ्यांपुढे येई, रामपुरी. उत्तर प्रदेशातील रामपूर गावच्या कारागिरांनी घडवलेला, लांब पात्याचा, खटका दाबताच उघडणारा. हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हातात दिला आणि कारागिरांची कीर्ती कायमची डागाळली. त्या गावाने २०२३ साली एका चौकात सुमारे सहा मीटर उंचीचा चाकूच उभारला आणि आपली कला पुन्हा मिरवायला घेतली, हे मी वाचले होते. पण ते त्या बाईला सांगून काय उपयोग? तिच्या कानात अजून तो खटका वाजत होता. मी म्हटले, "संध्याकाळी पाठवा त्याला. चाकू घेऊनच येऊ दे."

वाचकहो, एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. माझ्याही मेजाच्या खणात दोन चाकू आहेत. त्यांतल्या एकाला मी पस्तीस वर्षांत क्वचितच हात लावला आहे.

मुलगा आला. ओसरीवरच्या टेबलावर त्याने फडके पसरले आणि अकरा चाकू ओळीने मांडले. मी रामपुरीच्या धास्तीत होतो, आणि पाहतो तो काय, बहुतेक चाकू माझ्या पंजाहून लहान! कुणाची मूठ लाकडाची, कुणाची पितळेची, कुणाची टायटॅनियमची. प्रत्येक चाकू तो उघडून दाखवी, मिटून दाखवी आणि मग माझ्या हाती देई. देताना पाते मिटलेले असे आणि मूठ माझ्याकडे असे. ही शिस्त माझ्या लक्षात आली आणि मनातली निम्मी चिंता तिथेच गळून पडली.

"यातला चांगला कोणता?" मी विचारले. हा प्रश्न विचारायला नको होता. पुढचे दोन तास मी जे ऐकले ते सेमिनरीतल्या वादविवादांनाही मागे टाकणारे होते.

घडीच्या चाकूचे मूळ रूप साधे आहे. मूठ, पाते आणि त्यांना जोडणारी एक खीळ. मुठीच्या पाठीतून गेलेली पोलादी कमान पात्याच्या बुडाला दाबून धरते. पाते उघडे राहते ते त्या कमानीच्या ताणावर. पुरेसा जोर लावला की ते मिटते. अडवणारे काही नसते. जगप्रसिद्ध स्विस चाकू याच जातीचा. श्वीत्स प्रांतातील ईबाख गावी कार्ल एल्सेनर याने १८८४ साली कारखाना काढला, १८९१ साली सैन्याला चाकू पुरवले, आणि १८९७ साली कमानीची अशी योजना केली की थोडक्या कमानींवर अनेक पाती आणि हत्यारे चालावीत. त्याच्या आईचे नाव व्हिक्टोरिया. तिच्या निधनानंतर १९०९ साली त्याने मालाला तिचे नाव दिले. पुढे न गंजणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' त्याला जोडून १९२१ साली व्हिक्टोरिनॉक्स हा शब्द तयार झाला. आईचे नाव चाकूवर! मी मुलाला म्हटले, "हे घरी सांग." तो हसला.

पण शौकिनांचा खरा जीव अडकलेला असतो तो खिटीत. उघडलेले पाते आपोआप मिटू नये म्हणून केलेली अडकवण म्हणजे खिटी. तो अर्थातच 'लॉक' म्हणत होता. अमेरिकेतील बक कुटुंबाने १९६४ साली आणलेला ११० क्रमांकाचा शिकारी चाकू त्याने माझ्या हातावर ठेवला. पितळी टोके, काळसर लाकूड, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. यात मुठीच्या पाठीची पट्टी पुढच्या टोकाला पात्याच्या खाचेत जाऊन बसते. मागच्या बाजूला अंगठ्याने दाबल्याशिवाय ती सुटत नाही. "हा आजोबा," मुलगा म्हणाला. "पण जड. उघडायला दोन हात लागतात, मिटायलाही जवळपास दोनच."

मग १९८०नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने रूढ केलेला लायनर लॉक. मुठीच्या आतल्या अस्तराची पातळ पट्टी वाकवलेली असते. पाते उघडताच ती आत सरकते आणि पात्याच्या बुडाशी टेकू देऊन उभी राहते. एका हाताने उघडता येते, मिटता येते. एक पक्ष म्हणतो, याहून सुटसुटीत काही नाही. दुसरा पक्ष म्हणतो, मिटताना तुमचा अंगठा नेमका पात्याच्या वाटेत असतो, याला सुरक्षित म्हणायचे कसे? मूळचा दक्षिण आफ्रिकेतला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेला ख्रिस रीव्ह याने १९९०च्या सुमारास ती पातळ पट्टीच काढून टाकली आणि मुठीचीच जाड बाजू टेकू म्हणून वापरली. त्या चाकूचे नाव सेबेन्झा. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ 'काम'. मुलाकडे तो नव्हता. किंमत ऐकल्यावर का नव्हता ते कळले.

१९९८ साली मॅकहेन्री आणि विल्यम्स या जोडीने केलेली योजना बेंचमेड कंपनीने ॲक्सिस या नावाने बाजारात आणली. मुठीत आडवी बसवलेली एक पोलादी कांडी पात्याच्या बुडावर येऊन बसते. डाव्या हाताने वापरा की उजव्या, मिटताना एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. त्या हक्काची मुदत संपल्यावर अनेकांनी तशाच कांड्या बसवायला सुरुवात केली. तरी टीकाकार आहेतच. कांडीला रेटणाऱ्या तारेच्या कमानी नाजूक असतात, मोडतात, हा त्यांचा आक्षेप. अँड्र्यू डेम्को याने बकच्या आजोबांचीच रीत घेऊन तिच्यात एक आडवी खीळ घातली, म्हणजे सारा भार पट्टीवर न पडता त्या खिळीवर जातो. ही खिटी बळकट म्हणून ख्यातकीर्त. पण सोडवायला अंगठ्याचा चांगलाच जोर लागतो, अशी तिचीही तक्रार. शौकीन मंडळी पात्याची पाठ टेबलावर आपटून खिटी टिकते का ते पाहतात. त्यावरही दोन तट! एक म्हणतो, ही खरी परीक्षा. दुसरा म्हणतो, चाकूच्या पाठीने कुणी कधी काम केले आहे काय?

"आणि नवे चाकू?" मी विचारले.

तो जरा ओशाळला. "फादर, खरं सांगू? नव्यांची निम्मी गंमत उघडण्यामिटण्यातच आहे. बटण दाबलं की पातं झुलतं. आम्ही काही कापत नसतो. नुसतं उघडतो, मिटतो, उघडतो, मिटतो. बोटीवर रात्रपाळी संपली की डोकं शांत होतं त्यानं." मला आमच्या धर्मग्रामातले एक आजोबा आठवले. मिस्सा संपून तास लोटला तरी ते जपमाळेचे मणी सरकवत बसलेले असत, आणि प्रार्थना केव्हाच संपलेली असे. मी काही बोललो नाही.

मला मात्र एक प्रश्न पडला. १९८१ साली सॅल ग्लेसर याने पात्यालाच वाटोळे भोक पाडले, जेणेकरून अंगठ्याने ते एका हाताने उघडावे. तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षे या मंडळींची बुद्धी चाकू लवकर उघडण्यामागे लागली आहे. चाकू नको तेव्हा मिटू नये याची चिंता मात्र मला तरी पहिली वाटते. तसे मी म्हणालोदेखील, जरा तीव्र स्वरात. मुलाने माझ्याकडे पाहिले. "फादर, तुमचं बोट कापलं होतं का कधी?"

"माझं नाही," मी म्हणालो, आणि विषय बदलला.

त्या रात्री झोप लागली नाही. आता ती गोष्ट सांगतो.

१९९०च्या मे महिन्यात मी सेमिनरीतून सुटीला घरी आलो होतो. वाटेत एका जत्रेत फिरताना बाबांसाठी घडीचा चाकू घेतला. चकचकीत पत्र्याची मूठ, लाल रंग, किंमत बारा रुपये. माझ्या स्वतःच्या पैशांनी बाबांना दिलेली ती पहिली वस्तू. बाबा बागाईतदार, कोयता आणि विळा हीच त्यांची हत्यारे. हा चाकू त्यांना खेळणेच वाटला असेल. तरी लेकाने आणला म्हणून ते तो कमरेला लावून वाडीत गेले.

तिसऱ्या दिवशी पंपाच्या रबरी नळीला भोक पाडताना त्यांनी चाकूचे टोक नळीत खुपसले आणि जोर दिला. टोक अडकले, मूठ पुढे गेली आणि पाते मिटले, मूठ धरलेल्या हाताच्या तर्जनीवर. हाड वाचले, कंडरा तुटली. बोट राहिले, पण ते पुन्हा कधी पुरते वाकले नाही.

बागाईतदाराचे एक बोट ताठ राहिले तर वाडी अडत नाही. पण बाबा आमच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. लग्नाच्या वरातीत, सणाच्या मिरवणुकीत, मयताच्या वाटेवर. त्यांच्या वडिलांकडून आलेले ते वाद्य होते. उजव्या तर्जनीवाचून क्लॅरिनेट वाजत नाही. चार महिने त्यांनी खटपट केली. पुढे एक दिवस पेटी बंद करून कपाटावर ठेवली आणि बँडचा मोठा ढोल गळ्यात घेतला. पुढची वीसेक वर्षे ते ढोल वाजवत राहिले. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या दीक्षेच्या दिवशी देवळापासून घरापर्यंत बँड आला तेव्हा मी पुढे चालत होतो आणि माझ्या पाठीमागे तो ढोल वाजत होता. लोकांना वाटले, मी आनंदाने रडतो आहे.

दुसऱ्या चाकूची गोष्ट फ्रान्समधली. मी रोमला शिकत असताना २००९ सालच्या उन्हाळ्यात सव्हॉय प्रांतातल्या मोरिएन खोऱ्यात दोन महिने सेवेला गेलो होतो. तेथले धर्मगुरू ऐंशी ओलांडलेले. सात गावांची सात देवळे आणि ते एकटे. जेवणाच्या वेळी ते खिशातून लाकडी मुठीचा चाकू काढत, पाव कापत, चीज कापत, पाते पावाला पुसत आणि चाकू पुन्हा खिशात ठेवत. ताटाशेजारी ठेवलेली सुरी तशीच पडून राही. तो चाकू ओपिनेल. याच खोऱ्यात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणाने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बापाच्या कारखान्यात तो प्रथम घडवला. बाप शेतीची हत्यारे घडवणारा. १८९७पासून एक ते बारा असे क्रमांक देऊन तो वेगवेगळ्या मापांत विकला जाऊ लागला. फादरांचा चाकू आठ क्रमांकाचा, पाते साडेआठ सेंटिमीटरचे.

त्याच्या पात्यावर एक खूण असते, मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात. ती पाहून मी चमकलो. फादर मला सें-झां-द-मोरिएनच्या कॅथिड्रलमध्ये घेऊन गेले. परंपरा अशी की सहाव्या शतकात याच खोऱ्यातील संत थेक्ला अलेक्झांड्रियाहून संत योहान बाप्तिस्ताच्या तीन बोटांचे पवित्र अवशेष घेऊन आली. त्यावरून गावाला संताचे नाव मिळाले आणि गावाच्या चिन्हात तो हात आला. १९०९ साली ओपिनेलने गावचा हात आणि सव्हॉयच्या सरदारकीचा मुकुट एकत्र करून आपली खूण ठरवली. ज्या संताचा शिरच्छेद झाला त्याची बोटे चाकूवर! फादरांना मी हे बोलून दाखवले तेव्हा ते खांदे उडवून म्हणाले, "त्याची बोटे तरी शाबूत राहिली."

ते काय बोलून गेले, त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी खिशातून चाकू काढला. पाते उघडले आणि मुठीच्या गळ्याशी असलेली पोलादी कडी दोन बोटांनी फिरवली. कडीची फट सरकली, पात्याच्या बुडामागे पोलाद आले आणि पाते जागच्या जागी पक्के झाले. जोसेफचा मुलगा मार्सेल याने १९५५ साली ही फिरती कडी शोधून काढली. २०००पासून ती मिटलेले पातेही अडकवून ठेवू लागली. कमान नाही, बटण नाही, तार नाही. मोडायला काही उरलेलेच नाही. दोष आहेत, ओलाव्याने बीचचे लाकूड फुगते आणि पाते आत घट्ट बसते. तेव्हा तिकडचे शेतकरी मुठीचे बूड टेबलाच्या कडेवर ठोकतात, आणि पाते थोडेसे बाहेर डोकावते. फादरांनी तेही करून दाखवले.

निघायच्या दिवशी त्यांनी मला तसाच नवा चाकू दिला आणि हात पुढे केला. "नाणे द्या. चाकू फुकट दिला तर मैत्री कापली जाते." तिकडची ही समजूत. माझ्या पाकिटात एक रुपयाचे नाणे निघाले. ते त्यांनी पाहिले आणि खिशात टाकले.

तो चाकू मी बाबांना दिला. तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी बराच वेळ तो हातात फिरवला. ताठ तर्जनी बाजूला ठेवून अंगठा आणि मधले बोट यांनी कडी फिरवली, उलट फिरवली. "हे बरं आहे," एवढेच म्हणाले. आत गेले आणि एक रुपया आणून माझ्या हातावर ठेवला. नाण्याची रीत मी त्यांना सांगितली होती हे खरे. पण तो रुपया खर्च करायला मला अजून धीर झालेला नाही. २०१८ साली ते गेले. चाकू माझ्याकडे आला. पोलाद काळपटले आहे, धार शाबूत आहे.

आठवड्याने तो मुलगा पुन्हा आला. या वेळी मी खण उघडून दोन्ही चाकू त्याच्यापुढे ठेवले. ओपिनेल त्याच्या ओळखीचा होता. "साधा आहे, पण दोन हात लागतात," त्याने निकाल दिला. तो आणखी एक सांगून गेला. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतचा, खिटी नसलेला घडीचा चाकू खिशात बाळगता येतो. खिटी असेल तर मात्र सबळ कारण दाखवावे लागते. बंदरात उतरताना तो तेथे खिटीचा एकही चाकू जवळ ठेवत नाही. मी थक्क झालो. जी गोष्ट माझ्या बापाचे बोट वाचवू शकली असती, तिच्यात तिथल्या कायद्याला शस्त्र दिसते! कायदा करणाऱ्यांचेही चुकले असे म्हणवत नाही. चाकूहल्ल्यात मुले गमावलेल्या आया तिथेही आहेत. स्वित्झर्लंडच्या त्या कारखान्यानेच २०२४ साली पाते नसलेल्या खिशातल्या हत्यारावर काम चालू असल्याचे सांगितले, ते अशाच निर्बंधांमुळे.

मग त्याने लाल चाकू उचलला. मी काही सांगितले नव्हते, तरी त्याचा आवाज खाली आला. "हाच का?"

मी मान हलवली आणि बाबांची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता आणि ऐकता ऐकता पाते अर्धे उघडत होता, मिटत होता, कानाशी नेत होता. डॉक्टर नाडी पाहतो तसे. शेवटी म्हणाला, "फादर, खिटी नव्हती हे खरं. पण खिटी नसलेले चांगले चाकू जगात लाखो आहेत. याची कमान मेलेली आहे. घेतला तेव्हाच मेलेली असणार, पोलाद कच्चं आहे. आणि चांगल्या चाकूंपैकी काहींत पातं अर्ध्यावर काटकोनात थबकतं. तेवढ्यात बोट निघतं. हा थेट खाली येतो."

"म्हणजे चूक कुणाची?" मी विचारले. माझ्यासारख्या पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाने पंचविशीतल्या पोराला हा प्रश्न विचारावा!

त्याने लगेच उत्तर दिले नाही. पाते मिटून चाकू फडक्यावर ठेवला. "टोकावर जोर द्यायचं काम घडीच्या चाकूचं नाही, फादर. खिटी असली तरी नाही. माझ्या सगळ्यात महागड्या चाकूनंही मी नळीला भोक पाडणार नाही. ते त्यांना कुणी सांगितलं नसेल." थोडे थांबून म्हणाला, "आणि तुम्हालाही."

पुढच्या रविवारी त्याची आई भेटली. विचारले, सांगितलंत का त्याला? मी म्हटले, "चाकू राहू द्या. कुलपात ठेवायला सांगितलं आहे, आणि चर्चला येताना एकही खिशात नको, असंही. पण एकदा त्याच्यासमोर बसा आणि ते कसे मिटतात ते पाहा." तिला माझे म्हणणे पटले नाही हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. तरी ती बसली असावी, कारण ऑगस्टमध्ये ती फणसाचे गरे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "तो पितळेचा बरा आहे, फादर. बाकीचे उगाच."

बोटीवर परत जाण्याआधी मुलगा लाल चाकू मागून घेऊन गेला. दोन दिवसांनी परत आणला. खीळ ठोकून घट्ट केली होती, गंज काढला होता, तेल दिले होते, आणि बुडाला कानसीने घासून पाते अर्ध्यावर थबकेल असे केले होते. कमान मात्र तीच. "ही बदलता येत नाही," म्हणाला. "वापरू नका. नुसता ठेवा."

तो मी खणात ओपिनेलशेजारी ठेवला आहे. क्लॅरिनेटची पेटी धाकट्या भावाच्या घरी कपाटावर आहे. त्याची मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षा झाली की ती पेटी खाली काढणार म्हणते.